खडकीची वाट

स्टिक घेऊन मी मैदानाकडे निघालो, की वडिलांचा एकच प्रश्न: ‘‘याने पोट भरेल का?’’

धनराज पिल्ले खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, चिखलात, मोडक्या स्टिकांनी खेळले. पुढे थोरले बंधू रमेश यांच्याकडे मुंबईस गेले, महिंद्रा अँड महिंद्राच्या संघात शिरले व १९८९ साली भारतीय संघात आले. आपल्याकडे हॉकीचा व्यवसाय म्हणजे बहुधा हीच वाट. आम्हा महाविद्यालयीन मुलांनी आधी विद्यापीठाच्या संघात यावे, आंतरविद्यापीठ स्पर्धेत चमकावे, मग रेल्वे, सेनादले किंवा तेल कंपन्या खेळाडू म्हणून नोकरी देतात. हॉकी इंडिया लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो खरा. पण २०१७ नंतर ती बंद पडली, ती थेट २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली.

वडिलांना मी लीगचे सांगत नाही, रेल्वेचे सांगतो.