हौशी अग्निबाणकारांचे मंडळ

दिवाळी सरली की आमच्या गावातल्या पोरांचा एक उद्योग ठरलेला असे. न उडालेले फटाके गोळा करायचे, त्यांतली दारू कागदावर काढायची आणि ती कशात तरी ठासून 'रॉकेट' करायचे. माझ्या मावसभावाने ती सायकलच्या जुन्या पंपाच्या नळीत ठासली. तो तेव्हा सातवीत होता. नळी उडाली नाही, फुटली. उजव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे तो डाव्या हाताने लिहायला शिकला, अक्षरही चांगले काढतो. पण त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नाही. आणि कोणी बोलले नाही म्हणूनच, मला वाटते, पुढल्या दिवाळीत शेजारच्या आळीतल्या पोरांनी पुन्हा तेच केले.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अग्निबाणावर लिहावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. परंतु या छंदाचा इतिहास वाचताना असे दिसून आले की, त्यात दारूइतकेच महत्त्व वहीला आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. आमच्या गावी जे घडले तेच तिथे घरोघरच्या तळघरांत घडू लागले : लोखंडी नळी, घरी कालवलेले मिश्रण, आणि मग इस्पितळ. योगायोग असा की, यावरचा उपाय त्याआधीच निघालेला होता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा एक जोडे विकणारा दुकानदार राहत असे. त्याचा भाऊ अग्निबाणाच्या उड्डाणतत्त्वांवर व्याख्याने देई. त्या व्याख्यानांसाठी ऑर्व्हिलने १९५४ मध्ये कागदी नळीचा छोटा अग्निबाण बनवला. जी. हॅरी स्टाइन हा व्हाइट सँड्स येथील अग्निबाण केंद्रावर काम केलेला तंत्रज्ञ. घरगुती अग्निबाणांच्या धोक्यावर त्याने लिहिलेला लेख कार्लाइलच्या वाचनात आला आणि त्याने आपले नमुने टपालाने त्याच्याकडे धाडून दिले. या पत्रव्यवहारातून १९५७ मध्ये हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. एक जोडेवाला आणि एक तंत्रज्ञ. दोघांची गाठ पडली ती छापील लेखामुळे!

कार्लाइलच्या बाणाची रचना समजून घेण्याजोगी आहे. त्यात धातू कुठेच नाही. नळी जाड कागदाची, पंख हलक्या लाकडाचे. खाली कारखान्यात तयार झालेली, एकदाच वापरायची कागदी मोटार. तिच्यात तीन थर असतात. पहिला थर जळून बाण वर फेकतो. दुसरा सावकाश धुमसतो, तेवढ्या वेळात बाण आपल्याच वेगाने शिखर गाठतो. तिसरा छोटासा स्फोट करून टोक ढकलतो व आतली हवाई छत्री उघडते. वात काडीने पेटवायची नाही. निदान १५ फूट दूर उभे राहून विजेच्या तारेने. या नियमांमागे कुठेतरी काहीतरी बिघडल्याची नोंद आहे.

आपल्याकडेही असा एक छांदिष्ट होऊन गेला. कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ हे हवाई टपालाची तिकिटे व पाकिटे जमवणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस. त्यांनी १९३४ पासून दहा वर्षे अग्निबाणातून पत्रे पाठवण्याचे प्रयोग केले. १९३५ मध्ये तर एका बाणातून कोंबडा-कोंबडीची जोडी दामोदर नदीपार गेली, आणि दोघे जिवंत उतरले! १९९२ मध्ये भारतीय टपाल खात्याने स्मिथ यांच्यावर तिकीट काढले.

आता आपल्या बुलढाण्याचे काय? स्फोटक दारू परवान्याशिवाय बनवणे हा १८८४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावा हेच बरे. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी दारूला रजा दिली व पाण्याचा बाण केला. शीतपेयाची दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, तोंडाला सायकलचा व्हॉल्व्ह बसवलेले रबरी बूच, लांब नळी आणि पाच-सहा पावलांवर पंप. दाबलेली हवा पाण्याला खाली लोटते, पाणी बाटलीला वर लोटते. न्यूटनचा तिसरा नियम डोळ्यांदेखत अंगावर उडतो.

पहिली बाटली उडाली, आडवी झाली आणि थेट कपाशीत शिरली. शेतमालक काका जे बोलले ते वार्षिकांकात छापण्यासारखे नाही. चूक कुठे झाली यावर आम्ही दोन संध्याकाळी वाद घातला. उत्तर असे : बाणाचा गुरुत्वमध्य पुढे हवा आणि वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू मागे. आमची रिकामी बाटली बुडाशीच जड होती, आणि पुठ्ठ्याचे पंख पाण्याने लोळागोळा झालेले. मग टोकाला मातीचा गोळा बसवला, पंख प्लॅस्टिकचे केले. बाण जिथे समतोल राहतो तिथे दोरी बांधून तो डोक्याभोवती फिरवून पाहिला. टोक पुढे ठेवून फिरला तर सरळ उडणार. तो फिरला, आणि उडालाही.

उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक व ओळंबा पुरतो. बाणापासून २० मीटरवर उभे राहिल्यावर शिखर ४५ अंशांत दिसले, तर उंची २० मीटर अधिक आपल्या डोळ्यांची उंची. शाळेत नकोशी वाटलेली त्रिकोणमिती अशी उपयोगी पडली.

आमच्या वहीत तारीख, पाणी, पंपाचे हात, वारा, कोन हे रकाने आहेत. सर्वांत रुंद रकाना 'काय बिघडले' याचा. पुण्यात आकाशनिरीक्षकांनी १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली, ती हौशी माणसांचीच. तसे काही चिखली, मेहकर, खामगावच्या मित्रांना घेऊन करता येईल काय, हा विचार चालू आहे. महिन्यातून एकदा कापणी झालेल्या मोकळ्या रानात जमावे, वह्यांची अदलाबदल करावी, सहावी-सातवीच्या पोरांना आवर्जून बोलवावे. पंपाजवळ मोठा माणूस, बाकीचे दोरीच्या मागे, फुगलेली किंवा चरा पडलेली बाटली बाद. एवढे तीन नियम आम्ही पहिल्या पानावर लिहिले आहेत. लिहून घेतले ते मावसभावाकडून. अक्षर त्याचेच चांगले.