महागाईशी बांधलेले सरकारी रोखे

छावणीतल्या आमच्या मंडळीतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंना काही रक्कम आदिवासी वसतिगृहातील मुलांच्या वह्यांसाठी कायमची बाजूला ठेवायची आहे. त्यांनी विचारले, "आज या व्याजात 40 मुलांच्या वह्या येतात. दहा वर्षांनी किती जणांच्या येतील? महागाईबरोबर वाढणारे सरकारी रोखे असतात म्हणे. ते घेऊ का?"

प्रश्न अनेक देणगीदारांचा असल्याने उत्तर इथे देत आहे.

असे रोखे आपल्याकडे निघाले होते. जून 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने 10 वर्षे मुदतीचे, 1.44 टक्के व्याजाचे रोखे लिलावात आणले. 1.44 ऐकून हसू नका. इथे मुद्दलच महागाईबरोबर वाढते. वर्षात महागाई 6 टक्के झाली तर 100 चे मुद्दल 106 होते आणि व्याज त्या 106 वर मिळते. भाव उतरले तर मुद्दलही उतरते, पण मुदतीअखेर 100 पेक्षा कमी हाती येत नाही.

अडचण झाली ती मोजमापाची. हे रोखे घाऊक किंमत निर्देशांकाशी बांधले होते. त्या सुमारास ग्राहक महागाई 10 टक्क्यांच्या आसपास होती आणि घाऊक तिच्या निम्मी. छावणीच्या आठवडी बाजारात आपण घाऊक भावाने थोडेच घेतो! म्हणून डिसेंबर 2013 मध्ये सामान्यांसाठी दुसरे रोखे आले, ग्राहक निर्देशांकाशी बांधलेले: महागाई अधिक 1.5 टक्के. मार्च 2014 अखेर त्यांची विक्री थांबली. प्रतिसाद थंड होता. पुढे महागाई उतरली, जून 2017 मध्ये तर 2 टक्क्यांच्याही खाली गेली, तसा त्यांचा परतावाही उतरला. 2013 मध्ये 9 टक्क्यांनी दीर्घ मुदतीची ठेव ठेवणारे फायद्यात राहिले. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? हे रोखे म्हणजे विमा आहे. घराला आग लागली नाही म्हणून हप्ता वाया गेला असे आपण म्हणत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुदतीपर्यंत ठेवले तर महागाईपासून संरक्षण मिळते. मध्येच बाजारात विकायचे झाले तर भाव व्याजदरांवर ठरतो. जुलै 2013 मध्ये रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने व्याजदर चढवले, आणि नंतरच्या लिलावांत तेच 1.44 चे रोखे दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने गेले. अमेरिकेत 2022 मध्ये महागाई 9 टक्क्यांवर पोचली, तरी तिथल्या अशा रोख्यांचे फंड वर्षाअखेर तोट्यात होते, कारण व्याजदर त्याहून वेगाने बदलले.

आज बाईंना बँकेत जाऊन असे नवे रोखे मिळणार नाहीत. जवळचे म्हणजे 2020 चे बदलत्या दराचे बचत रोखे. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा 0.35 टक्के जास्त असतो आणि दर सहा महिन्यांनी ठरतो. जुलै 2020 मध्ये तो 7.15 होता, जुलै 2023 मध्ये 8.05 झाला. महागाईशी त्याचे थेट नाते नाही, मुद्दल वाढत नाही आणि व्याजावर कर लागतो. मुदत 7 वर्षे. ज्येष्ठांना वयानुसार आधी मोडता येतात. हे रोखे व्यक्ती घेऊ शकते, संस्था नाही.

तेव्हा बाईंनी ते स्वतःच्या नावावर घ्यावेत, व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलासाठी वेगळा ठेवावा आणि उरलेले वह्यांना द्यावे, असे मी सुचवले. म्हणजे यंदा 40 नव्हे, 30-32 मुलांच्याच वह्या येतील. बाई विचार करून सांगणार आहेत.