खाऱ्या वाऱ्यातली जुनी पद्मिनी

नाटे, साखरीनाटे, जैतापूर हा सगळा खाडीच्या आणि समुद्राच्या तोंडचा मुलूख. हवेतले मीठ पत्र्यावर बसते, ओल धरून ठेवते आणि लोखंड झपाट्याने गंजते. त्यात कोकणचा पाऊस. म्हणून मुंबईहून गावी आणून ठेवलेली वडिलांची प्रीमियर पद्मिनी काही पावसाळ्यांत दाराखाली फुगलेली दिसली, तर नवल नाही. कुर्ल्याला बनणारी ही गाडी बंद होऊन वीस वर्षे उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तयार पत्रे सहज मिळत नाहीत, तेव्हा ते घडवूनच घ्यावे लागतात.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. फुगा दिसला की आतला पत्रा बहुधा गेलेलाच समजा. खात्रीसाठी लोहचुंबक फिरवावा. जिथे तो पकडत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा आणि दाराखालची पेटीसारखी पट्टी हाच तिचा कणा. तिथल्या भोकात पुट्टी कोंबून वर रंग मारणे म्हणजे आत बसणाऱ्या लेकराबाळांच्या जिवाशी खेळ. अशी गाडी विकणे तर आणखी वाईट. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या आणि ती वर का ठेवली नाहीस, असे व्यापाऱ्याला विचारणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपल्या घरात कोणाला ठाऊक नाही?

चांगला पत्रेवाला आधी बॅटरीची वायर सोडवतो, पेट्रोलची टाकी उतरवतो आणि मगच वेल्डिंगला हात घालतो. गाडीला खालून नीट टेकू देतो, एका वेळी एकच बाजू कापतो. नाहीतर सांगाडा वाकतो आणि दारे बसत नाहीत. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कुजका भाग काढायचा. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा फर्मा करून तो वीस गेजच्या पत्र्यावर उतरवायचा आणि लाकडी हातोडीने कडा वळवायच्या. वेल्डिंग सलग ओढायचे नाही. इथे एक टाका, तिथे एक, मध्ये गार होऊ द्यायचे. पातळ पत्रा उष्णतेने लगेच वेडावाकडा होतो. यात दिवस जातात. घाई करणाऱ्याला हे काम देऊच नये.

पन्नास वर्षांपुढच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ती मूळ रूपात हवी. बॉडीत मोठा फेरबदल चालत नाही. तेव्हा कुजले तेवढेच कापावे. अशी गाडी रोज वापरता येत नाही, हेही घरात आधी बोलून घ्यावे.

काम झाल्यावर पट्टीच्या आतूनही प्रायमर मारून घ्या आणि पाणी निघायची खालची भोके मोकळी ठेवा. किनाऱ्यावरून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. वारा खेळेल असे छप्पर बरे.