सिंदखेडराजाचा राजवाडा : काझीपासून सरकारपर्यंत, मालक कसे बदलले?

सिंदखेडराजा : दर १२ जानेवारीला हजारो लोक लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात जातात, जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकतात अन् परत फिरतात. हा वाडा कोणाचा, असं विचारलं की उत्तर येतं, "जाधवांचा." खरं आहे, पण अर्धंच.

जुन्या गॅझेटियरप्रमाणे सिंदखेड आधी एका काझीच्या जहागिरीत होतं. त्याच्याकडून ते जाधवांकडे आलं. लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार. १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म इथलाच. २५ जुलै १६२९ ला देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने दगा केला. लखुजीराव, मुलं अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव, एका घरातले चौघं एकाच दिवशी मारले गेले. मागे राहिलेले मोगलांकडे गेले, म्हणून वतन टिकलं. पुढे घराण्याच्या शाखा झाल्या. देऊळगावराजा, किनगावराजा, मेहुणाराजा, आडगावराजा या गावांच्या नावातला 'राजा' तो हाच.

१७५७ मध्ये निजामाच्या बाजूचे रामचंद्र जाधव सिंदखेडात असताना पेशव्यांच्या फौजेने वेढा घातला होता. तेव्हाही वतन वाचलं. गेलं ते १८५१ मध्ये. देऊळगावराजाच्या बाजीराव जाधवांच्या अरब शिपायांची हैदराबादच्या फौजेशी चकमक झाली आणि वंशपरंपरेची जहागीर जप्त झाली. बाजीराव १८५६ मध्ये कैदेतच वारले. मधल्या काळात, १८५३ ला, वऱ्हाडच इंग्रजांकडे गेलं होतं.

आज राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, तर लखुजीरावांची समाधी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. समाधीजवळच २०२४ मध्ये दुरुस्तीच्या कामात जुन्या मंदिराचा पाया अन् शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली, ते आठवत असेल.

हे दोन मालक वेगळे आहेत, अन् आजूबाजूच्या घरवाल्यांनी नेमकं हेच ध्यानात ठेवायला पाहिजे. केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे. घराची दुरुस्ती करायची तरी परवानगी लागते. त्याच्या पुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच बांधता येतं. विनापरवाना बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नगरपरिषदेची परवानगी असली तरी ही वेगळी घ्यावीच लागते. म्हणून प्लॉटचा इसार देण्याआधी समाधीपासूनचं अंतर मोजून घ्या.