विश्लेषण : रोमन श्रीमंतांची मुले अथेन्सला का जायची? आणि बोरिवलीच्या कान्हेरीचा खर्च कोण करायचे?

रोममधला नामवंत वकील आणि राजकारणी सिसेरो याने इ. स. पू. 45 मध्ये मुलगा मार्कस याला शिक्षणासाठी अथेन्सला पाठवले. मुलगा वीस वर्षांचा. खर्चासाठी रोममधल्या आर्जिलेटम आणि अव्हेंटाइन या भागांतल्या घरांचे भाडे लावून दिले. एक फ्लॅट भाड्याने देऊन मुलाला परदेशात एमएसला पाठवणाऱ्या मुलुंड-घाटकोपरच्या पालकांना हा हिशेब नवा वाटणार नाही.

अथेन्समध्ये काय शिकवले जायचे?

ग्रीस तोवर रोमच्या ताब्यात गेला होता, पण तत्त्वज्ञान शिकायचे तर अथेन्सच, ही समजूत कायम होती. प्लेटोची अकादमी, अॅरिस्टॉटलची परंपरा, स्टोइक आणि एपिक्युरसचे अनुयायी असे चार मुख्य संप्रदाय. परीक्षा नाही, पदवी नाही. गुरूचे ऐकायचे, वाद घालायचे. पुढे न्यायालयात आणि सिनेटमध्ये उभे राहायचे असलेल्या तरुणाला ही तयारी उपयोगी पडे. प्रवास, घर, नोकर, पुस्तके सगळे घरच्या पैशाने. साहजिकच गर्दी बड्या घरच्या मुलांची. अपवादही होते. पुढे मोठा कवी झालेला होरेस हा गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाचा मुलगा होता आणि याच काळात तिथे शिकत होता.

मार्कस अभ्यास करत होता का?

अॅरिस्टॉटलच्या परंपरेतला क्रॅटिपस हा त्याचा मुख्य गुरू. वक्तृत्व शिकवणाऱ्या गॉर्गियासची संगत मात्र वडिलांना पसंत नव्हती. त्यांच्या सांगण्यावरून मार्कसने त्याला सोडले. वडिलांचा विश्वासू सचिव टायरो याला लिहिलेल्या पत्रात तो आपण सुधारल्याची खात्री देतो आणि जाता जाता एक लेखनिक मागतो, कारण नोट्स उतरवण्यात फार वेळ जातो! इ. स. पू. 44 मध्ये सिसेरोने कर्तव्य या विषयावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ याच मुलाला उद्देशून लिहिला. त्याच वर्षी सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटस अथेन्सला आला आणि विद्यार्थ्यांतून सैन्यभरती करू लागला. मार्कस गेला, होरेसही गेला.

याचा कान्हेरीशी काय संबंध?

थेट काही नाही. पण काळ जवळचा आहे. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरात बौद्ध लेणी कोरायला सुरुवात झाली. पुढच्या अनेक शतकांत ती शंभराहून अधिक झाली. भद्रायनीय या बौद्ध संप्रदायाचे नाव इथल्या शिलालेखांत येते. खाली सोपारा आणि कल्याण ही बंदरे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत दोन्हींचा उल्लेख आहे. म्हणजे रोमन साम्राज्याशी होणाऱ्या व्यापाराच्या वाटेवरच हा डोंगर होता.

पैसाही याच वाटेने आला. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या वर्षी, कल्याणच्या एका व्यापाऱ्याने इथे लेणे दिले. सोबत 200 कार्षापण आणि मंगलठाण गावातले शेत. हे मंगलठाण म्हणजे बोरिवलीचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. मेट्रोचे स्टेशन आहे तेच.

या देणगीला शिलालेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नातून भिक्षूंच्या चीवराचा, म्हणजे वस्त्रांचा, खर्च भागवायचा. आजच्या विद्यापीठांचा एन्डोमेंट फंड याच तत्त्वावर चालतो.

मग फरक कुठे पडतो?

सिसेरोच्या घरभाड्यावर एकटा मार्कस शिकला आणि वडिलांचे पैसे थांबले असते तर शिक्षणही थांबले असते. कल्याणच्या व्यापाऱ्याने ज्यांची सोय केली ते त्याचे कोणी नव्हते, त्यातले बहुतेक तर त्याच्यानंतर जन्मले. अर्थात त्यासाठी घरदार सोडून भिक्षू व्हावे लागे. ही फी लहान नव्हती.

हा रिवाज पुढेही टिकला. नवव्या शतकात, शिलाहार राजा पुल्लशक्तीच्या काळातल्या कान्हेरीच्या एका शिलालेखात देणगीची वाटणी दिली आहे. त्यात डागडुजी आणि वस्त्रांबरोबर पुस्तकांसाठी वेगळी रक्कम काढून ठेवली आहे.