भिल्लांचा मित्र, कंपनीचा चाकर

विट्याचा परिसर सातारच्या छत्रपतींच्या राज्यात मोडत असताना, १८४५ मध्ये, साताऱ्याच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून जेम्स आउट्रम आला. त्याचा लौकिक मात्र वीस वर्षे आधी खानदेशात घडला होता. सत्तेची चाकरी आणि आदिवासींशी मैत्री एकाच वेळी निभावता येते का, हा प्रश्न त्याच्या कारकिर्दीतून आजही समोर येतो.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. घाटवाटांची राखण आणि गावांची जागल यांच्या मोबदल्यात भिल्ल नाईकांना मिळणारे पूर्वापार हक्क या उलथापालथीत बुडाले. पोटाचे साधन तुटलेल्या टोळ्या लुटीकडे वळल्या. लष्कर पाठवूनही बंड शमेना. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरविले आणि ते काम बावीस वर्षांच्या आउट्रमवर सोपविले.

आरंभ मैत्रीने झाला नाही. आउट्रमने प्रथम भिल्लांच्या डोंगरी ठाण्यांवर छापे घातले. मग हाती लागलेल्या लोकांमार्फत नाईकांशी बोलणी केली, आणि पहारा न घेता तो एकटा त्यांच्या रानात राहिला. शिकारीने जवळीक वाढली. १८२५ ते १८३४ या काळात तब्बल १९१ वाघांच्या शिकारीत तो हजर होता. पहिल्या मूठभर भिल्लांपासून सुरू झालेली ही पलटण धरणगाव येथे शेकडोंची झाली. कालच्या बंडखोरांना माफी, पगार आणि मान मिळाला.

या मैत्रीची दुसरी बाजूही होती. १८३० मध्ये डांगच्या भिल्ल राजांवर झालेल्या मोहिमेचे नेतृत्व आउट्रमनेच केले आणि त्यात खानदेशचे भिल्ल शिपाईही होते. ज्या विश्वासाने माणसे वाचविली, तोच विश्वास सरकारचे हत्यार ठरला.

आउट्रमने सरकारी धोरणाला उघड विरोध केला तो सिंधमध्ये. १८४३ मध्ये नेपियरने अमिरांचे राज्य जिंकले, ते आउट्रमला अन्यायाचे वाटले. लुटीतील आपला सुमारे ३,००० पौंडांचा वाटा स्वतःसाठी न ठेवता त्याने तो धर्मादाय कामांना दिला. कंपनीची चाकरी मात्र सोडली नाही. १८४७ मध्ये तो साताऱ्याहून बडोद्यास गेला आणि पुढच्याच वर्षी सातारा संस्थान खालसा करण्याचा निर्णय झाला.

खानदेशातील शांतताही कायमची ठरली नाही. सेंधवा घाटाची राखण करणारा खाजा नाईक १८५७ मध्ये बंडात उतरला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. एका अधिकाऱ्याच्या शब्दावर माणसे शस्त्र खाली ठेवतात. परंतु तो अधिकारी बदलून जातो आणि हक्काचा प्रश्न तेथेच राहतो. आउट्रमची मैत्री खरी असेलही, पण भिल्लांना राज्यकर्त्याच्या स्नेहाहून अधिक गरज होती ती बुडालेल्या हक्कांची.