पंचांगातले आकाश

अमावास्या म्हटली की आपण जरा बिचकतो. नवी खरेदी पुढे ढकलतो, कोणी प्रवासाला निघाले तर घरातली वडीलधारी मंडळी "एक दिवस थांबलास तर काय बिघडेल?" असे हळूच विचारतात. पण वर्षात एक अवस अशी येते की तिची लहानथोर सगळेच महिनाभर आधीपासून वाट पाहत असतात. आश्विनातली ही अवस म्हणजे लक्ष्मीपूजनाची रात्र. त्या दिवशी चंद्र सूर्याच्याच दिशेला असतो, त्याच्याच जोडीने उगवतो आणि मावळतो. त्यामुळे रात्रभर आकाशात चांदणे नसते. पावसाळा बहुधा आटोपलेला असतो, ढग पांगलेले असतात. तारे पाहण्यासाठी याहून चांगली रात्र शोधून सापडायची नाही. आणि नेमक्या त्याच रात्री आपल्या सगळ्यांच्या नजरा खाली असतात: पणत्यांकडे, रांगोळीकडे, फराळाच्या ताटाकडे!

त्या सगळ्याचा आनंद घ्यावाच. पण त्यातून दोन घटका आकाशासाठी काढाव्यात, एवढीच या लेखाची विनंती. 'दोन घटका' हे शब्द मी उगाच वापरले नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकात मराठी वाचकांसाठी आकाशाची ओळख करून देणारे 'ज्योतिर्विलास' नावाचे पुस्तक लिहिले. त्याचे दुसरे नावच मुळी 'रात्रीची दोन घटका मौज' असे आहे. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. एवढ्या वेळात पुष्कळ पाहून होते.

नावे ओळखीची, चेहरे अनोळखी

मी मराठी शिकवतो. खगोलशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण शब्द शिकवता शिकवताच मी आकाशाकडे वळलो. हजेरी घेताना एकदा लक्षात आले की रोहिणी, स्वाती, चित्रा, रेवती, अनुराधा अशी अर्धे आकाश भरेल इतकी नावे माझ्या वर्गात बसली आहेत. मी सहज विचारले, "तुमच्यापैकी कोणी आपापले नक्षत्र पाहिले आहे का?" वर्ग गप्प. शेवटी रोहिणीच म्हणाली, "पण सर, नक्षत्र पत्रिकेत असतं ना?"

मुलीचे काही चुकले नव्हते. आपल्या घरात नक्षत्र भेटते ते पत्रिकेत, नाहीतर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत. ते मुळात आकाशात असते आणि पत्रिकेत येते ती नुसती त्याची नोंद, हे सांगायचे राहूनच गेले आहे.

ही नोंद कशी होते ते पाहू. चंद्र ताऱ्यांमधून आपली एक फेरी सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत पुरी करतो. आपल्या पूर्वजांनी त्याच्या वाटेचे सत्तावीस मुक्काम पाडले. तीच सत्तावीस नक्षत्रे. रोज साधारण एक मुक्काम. दक्षाच्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या होत्या आणि त्यांतली रोहिणी त्याची विशेष लाडकी होती, ही पुराणातली कथा म्हणजे याच हिशेबाची गोष्ट. गंमत अशी की रोहिणीचा तारा चंद्राच्या वाटेच्या इतका जवळ आहे की कधी कधी चंद्र त्याला खरोखरच झाकून टाकतो!

महिन्यांची नावेही इथूनच आली. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखेजवळ असतो तो वैशाख, मघांजवळ असतो तो माघ. म्हणजे बारा महिन्यांची नावे ही आकाशाकडे पाहून केलेली बारा निरीक्षणे आहेत. ती करणाऱ्यांपाशी दुर्बीण नव्हती. अंधारे आकाश आणि वर्षानुवर्षांचा धीर मात्र होता.

शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रे वेगळी. ती चंद्राची नव्हेत, सूर्याची. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर 'मृग लागला' असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. त्यामुळे होते असे की ज्या दिवसांत मृगाचे नाव घरोघरी निघते, नेमक्या त्याच दिवसांत आकाशातला मृग सूर्याच्या तेजात हरवलेला असतो. तो संध्याकाळी पूर्वेला उगवलेला पाहायचा तर डिसेंबर उजाडावा लागतो. दिवाळीच्या सुमारास सूर्य चित्रा-स्वाती-विशाखा या टापूत असतो. म्हणून वर्गातल्या स्वातीला आणि चित्रेला आपली नक्षत्रे दिवाळीत दिसणार नाहीत. रोहिणीला मात्र दिसेल.

लक्ष्मीपूजनाची रात्र

गच्चीवर जा. मोबाइल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीसएक मिनिटे लागतात आणि पडद्याकडे एकदा पाहिले की ती कमाई वाया जाते. खाली दिलेल्या वेळा ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्याच्या आहेत. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली तर हेच देखावे तासभर आधी दिसतील.

रात्री नऊच्या सुमारास पश्चिमेकडे पाहिले तर तीन ठळक ताऱ्यांचा मोठा त्रिकोण दिसेल. वायव्येला निळसर पांढरा अभिजित, पश्चिमेला श्रवण आणि त्या दोघांच्या वरच्या बाजूला हंस. आता मान वर करा. जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा एक प्रशस्त चौकोन आहे, पलंगाच्या चार खुरांसारखा. त्यातले पश्चिमेकडचे दोन तारे ही पूर्वा भाद्रपदा आणि पूर्वेकडचे दोन ही उत्तरा भाद्रपदा. भाद्रपद महिन्याला नाव देणारी हीच ती नक्षत्रे.

ईशान्येला इंग्रजी 'एम्'सारखी मांडणी दिसते, ती शर्मिष्ठा. तिच्या शेजारी देवयानी आणि जरा खाली ययाती. मराठी तारानकाशांनी ययातीचा सगळा संसार आकाशात एका ठिकाणी आणून ठेवला आहे. पृथ्वीवर ज्या दोघींचे क्षणभर पटले नाही, त्या वर जन्मोजन्मीच्या शेजारणी झाल्या आहेत! शर्मिष्ठेचा उपयोग ध्रुवतारा शोधायलाही होतो, कारण सप्तर्षी या वेळी क्षितिजाखाली असतात. ध्रुव फारसा तेजस्वी नाही. तो उत्तर क्षितिजापासून मुंबईला सुमारे १९ अंशांवर आणि नागपूरला सुमारे २१ अंशांवर दिसतो. आपण जितक्या अक्षांशावर राहतो, तितकीच ध्रुवाची उंची. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा आणि तिथे पाहा.

पूर्वेला थोड्या उंचीवर ताऱ्यांचा एक लहानसा घोस चमकत असेल. त्या कृत्तिका. नुसत्या डोळ्यांना बहुतेकांना सहा दिसतात. कार्तिकेयाच्या सहा माता त्याच. गॅलिलिओने १६१० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याच घोसातले ३६ तारे दाखवले, आणि आज आपल्याला ठाऊक आहे की त्यात हजारावर तारे आहेत. कृत्तिकांच्या पाठोपाठ तांबूस रोहिणी उगवते. दहानंतर मृग वर येऊ लागतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याच्या मागे व्याध.

प्रकाशाची पत्रे

यातला कुठलाही तारा आपण 'आज' पाहत नाही. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. तरीही चंद्रापासून यायला त्याला सव्वा सेकंद लागतो आणि सूर्यापासून आठ मिनिटांहून थोडे अधिक, म्हणजे चहाचे आधण ठेवून चहा कपात येईपर्यंतचा वेळ. मात्र ताऱ्यांच्या बाबतीत मिनिटे पुरत नाहीत. तिथे प्रकाशवर्षे मोजावी लागतात, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

अभिजित २५ प्रकाशवर्षांवर आहे. घरात पंचवीस वर्षांची लेक असेल तर तिला सांगा, "तू जन्मलीस तेव्हा तिथून निघालेला प्रकाश आज आपल्या गच्चीवर पोचतो आहे." रोहिणीचे अंतर सुमारे ६५ प्रकाशवर्षे. तिचा आज दिसणारा प्रकाश महाराष्ट्र राज्य जन्माला येत होते त्या सुमाराचा आहे. कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत. तिथून हे किरण निघाले तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. आणि देवयानीत, खरोखर अंधाऱ्या जागेवरून, एक धूसर डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो. ती आपल्या आकाशगंगेसारखीच, तिच्याहून वेगळी, अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका आहे. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांचा प्रवास करून येतो. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आजच्यासारखा माणूसच नव्हता. पत्र पाठवले तेव्हा ज्याच्या नावाने पाठवायचे तोच जन्मलेला नव्हता, आणि तरी ते बरोबर हाती पडले!

अभ्यंगस्नानाआधी

नरकचतुर्दशीला घर एरवीही पहाटे उठलेलेच असते. मोत्याचा साबण आणि उटणे यांच्या मधल्या गडबडीत पाच वाजता एकदा दक्षिणेकडच्या खिडकीशी जा. रात्री पूर्वेला उगवणारा मृग आता डोक्यावरून किंचित पश्चिमेला कलला असेल. चार कोपऱ्यांवर चार तारे आणि मध्ये एका रेषेत तीन. ते तीन म्हणजे मृगाच्या पोटात रुतलेला बाण. बाणाची रेषा खाली आग्नेयेकडे वाढवली की ती थेट बाण मारणाऱ्या व्याधाकडे जाते. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. याच मृगात एके काळी वसंतसंपात होता, या आधारावर लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' या ग्रंथात वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला.

मृगातले दोन तारे मुलांना मुद्दाम दाखवावेत, तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते आणि अधिक तापले की पांढरे पडू लागते. ताऱ्यांचेही तसेच. लाल तारा त्या मानाने थंड, निळसर तारा अधिक तप्त. रंगावरून ताप ओळखायचा!

व्याधाच्या बराच खाली, दक्षिण क्षितिजापासून दोन मुठींच्या आत, आणखी एक ठळक तारा दिसेल. समुद्र प्राशन करणारा अगस्त्य तो हाच. तेजात त्याचा क्रम दुसरा. लंडनकरांना तो घरबसल्या कधीच दिसत नाही. आपल्याला मात्र दिवाळीच्या पहाटे खिडकीतून दिसतो.

पाहुणे ग्रह

एखादा ठळक ठिपका लुकलुकत नसेल तर तो बहुधा ग्रह. तारे इतके दूर आहेत की ते केवळ बिंदू म्हणून दिसतात आणि हवेच्या थरांत त्यांचा प्रकाश थरथरतो. ग्रह जवळ असल्याने त्यांची छोटी तबकडी असते, त्यामुळे त्यांचे तेज बरेच स्थिर वाटते. कोणता ग्रह कुठे आहे हे दर दिवाळीला बदलते. ते पंचांगात पाहावे. तो त्याचा सर्वांत सरळ उपयोग.

ग्रहांचे हिशेबही आपल्या बोलण्यात मुरलेले आहेत. गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षे लागतात, म्हणजे राशीला एक वर्ष. म्हणून तो सिंह राशीत बारा वर्षांनी येतो आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे राशीला सुमारे अडीच. अशा तीन राशी म्हणजे साडेसात वर्षे. 'साडेसाती' या शब्दाने आपण दचकतो, पण त्यामागचा गुणाकार चौथीतल्या मुलालाही येईल. लहानशा दुर्बिणीतून शनीचे ते देखणे कडे एकदा पाहावे, मग भीतीची जागा कुतूहल घेते.

विझत चाललेले आकाश

आता थोडे कडू. मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून वर सांगितलेले सगळे दिसणार नाही. ठळक तारे, कृत्तिकांचा घोस, मृग, व्याध दिसतील, पण देवयानीतला तो धूसर डाग किंवा आकाशगंगेचा पट्टा दिसणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशाने दाखवून दिले की जगातल्या एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. हा दोष पणत्यांचा नव्हे. रस्त्यावर पडायचा उजेड वर आकाशात फेकणाऱ्या दिव्यांचा आहे. उपायही फारसा अवघड नाही. दिव्याचे तोंड खाली करावे, त्यावर टोपण घालावे, नको तेव्हा तो मालवावा. आपल्याच विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने अंधाराची अशी निगा राखली आणि २०२४ साली भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' होण्याचा मान मिळवला.

मला काळजी वाटते ती भाषेच्या माणसाची. ज्या वस्तूचे दर्शन बंद होते, तिचे नाव काही काळ नुसते ध्वनी म्हणून उरते आणि मग तेही जाते. जाते, उखळ, रहाट यांचे झाले तेच रोहिणी-मृगाचे व्हावे का? जाते गेले कारण त्याचे काम गिरणीने घेतले. आकाशाचे काम कोण घेणार?

म्हणून एक छोटासा प्रयोग सुचवतो. या दिवाळीच्या रात्री मुलांना कृत्तिका दाखवून ठेवा. मग बरोबर पंधरवड्याने त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळनंतर पुन्हा त्यांना घेऊन गच्चीवर जा. चंद्राच्या उजेडात तारे फिकटतील, पण चंद्र कृत्तिकांच्या घोसाशी किंवा शेजारच्या मुक्कामी आलेला असेल. मग विचारा, "या महिन्याला कार्तिक का म्हणतात?" उत्तर त्यांना वर बोट दाखवून देता येईल.